देशाधिकारी वर्तमान व भावी यांसी : पुण्यातील कार्यालयप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील सर्व शासकीय व निमशासकीय कार्यालयांचे प्रमुख,

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

पत्राच्या मथळ्यातले शब्द माझे नाहीत. मराठेशाहीतील सनदापत्रांचा तो ठरलेला मायना आहे. एखाद्याला जमीन इनाम दिली किंवा वर्षासन, म्हणजे दर वर्षाची ठरावीक नेमणूक, बांधून दिले, की त्याच्या नावाचे पत्र तर होईच, पण त्या प्रांतातल्या अंमलदारांनाही एक पत्र जाई आणि त्याच्या आरंभी ‘देशाधिकारी व लेखक वर्तमान व भावी’ असे लिहिलेले असे. आज त्या जागेवर जो बसला आहे त्याला हा हुकूम आहेच, पण उद्या त्याची बदली होऊन जो येईल त्यालाही तो तितकाच लागू आहे, एवढा अर्थ त्या दोन शब्दांत भरलेला आहे. मी वीसएक वर्षे लोकांचे मोडी कागद वाचून देतो. वतनाचे कागद, फारकती, खरेदीखते, करीने असे काय काय घेऊन लोक येतात. सनद समोर आली की हे ‘वर्तमान व भावी’ हमखास भेटते, आणि अलीकडे ते वाचताना मला आपल्या कार्यालयांच्या भिंतींवर लावलेली दुसरी एक सनद आठवते. तिच्याविषयी हे पत्र आहे.

‘नागरिकांची सनद’ या नावाचा फलक पुण्यातल्या बहुतेक कार्यालयांत आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, त्यासाठी कोणते कागद लागतील, फी किती, काम कोण करणार आणि झाले नाही तर दाद कोणाकडे मागायची, हे त्या फलकावर असावे अशी अपेक्षा असते. ही सनद भिंतीवरून उतरून नागरिकाच्या हातात यावी, अशी माझी विनंती आहे. ही विनंती वरवर लहान दिसेल. ती लहान का नाही, हे सांगण्यासाठी थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

गेल्या जून महिन्यात आमच्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंबरोबर मी एका कचेरीत गेलो होतो. कचेरीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे पाहिले ते एका कचेरीपुरते आहे असे मला वाटत नाही. ताईंना मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. अर्ज देऊन अठरा दिवस झाले होते. अर्ज देताना त्यांनी पोच मागितली होती, तेव्हा “मेसेज येईल मोबाइलवर” असे उत्तर मिळाले होते आणि मेसेज आला नव्हता. पहिल्या खेपेला रेशनकार्डाची झेरॉक्स पुसट आहे म्हणून त्यांना परत पाठवले होते. दुसऱ्या खेपेला स्वयंघोषणापत्रावर फोटो चिकटवलेला नाही, ही त्रुटी निघाली. ती पहिल्याच दिवशी दिसत होती, पण तेव्हा ती कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक खेपेला त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला होता. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो, तेव्हा साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीला, बसलेले होते.

वाट पाहत असताना माझे लक्ष व्हरांड्यातल्या फलकाकडे गेले. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने रकाने आखलेले होते : अनुक्रमांक, सेवेचे नाव, आवश्यक कागदपत्रे, फी, कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो). उत्पन्नाच्या दाखल्यापुढे पंधरा दिवस असे स्पष्ट लिहिलेले होते. त्यापुढचे दोन रकाने मात्र दिसत नव्हते, कारण फलकाच्या उजव्या अंगाला एक लोखंडी कपाट सरकवून ठेवलेले होते. मी भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत मोबाइलचा उजेड धरून पाहिले. ते दोन रकाने प्रथम अपिलीय अधिकारी आणि द्वितीय अपिलीय अधिकारी यांचे होते. त्यांत हुद्दे लिहिलेले होते. हुद्द्याखाली पूर्वी नावे असावीत, पण त्यांवर पांढरा रंग फिरवलेला होता आणि नंतर कोणी काही लिहिलेले नव्हते. मी टेबलावरच्या तरुण लिपिकाला विचारले, तेव्हा तो अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, तो बोर्ड जुना आहे. त्याच्यावर जाऊ नका.”

दाखला एकोणतिसाव्या दिवशी मिळाला. प्रवेशाची पहिली फेरी तोपर्यंत संपून गेली होती.

त्या कचेरीत कोणी पैसे मागितले नाहीत आणि कोणी उर्मटपणे बोलले नाही, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. एका टेबलावर तीन टेबलांचे काम होते, हेही मी पाहिले. तरीही त्या खोलीतल्या एकालाही तो फलक आपला वाटत नव्हता. तो कोणीतरी, कधीतरी, कोणाच्या तरी आदेशावरून लावलेला पत्रा होता. ज्या कागदाला आपण सनद म्हणतो, त्याची अशी अवस्था मला सहन झाली नाही, कारण सनद या शब्दाचे वजन मला कागदांतून माहीत आहे.

जुन्या सनदांच्या शेवटी दोन कलमे ठरून येतात. शिवकाळातल्या फारसी वळणाच्या कागदांत ती ‘ताजे खुर्दखताचा उजूर न करणे’ आणि ‘तालीक लिहोन घेऊन असल फिरावून देणे’ अशी असतात. पुढे पेशवाईत तीच कलमे ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे’ आणि ‘या पत्राची प्रती लिहून घेऊन मुख्य पत्र भोगवटियास परतोन देणे’ अशा संस्कृत वळणाने येतात. शब्द कागदागणिक थोडेफार बदलतात, मतलब बदलत नाही. पहिल्या कलमाने अंमलदाराला बजावलेले आहे, की या माणसाकडे दर वर्षी नवा कागद मागून त्याला हेलपाटे घालायला लावू नकोस. दुसरे कलम मला अधिक मोलाचे वाटते. दफ्तरासाठी नक्कल तू करून घे आणि अस्सल पत्र ज्याचे आहे त्याला परत दे, असे ते सांगते. ‘भोगवटियास’ म्हणजे त्या हक्काचा उपभोग घेण्यासाठी. अस्सल नागरिकाकडे आणि नक्कल सरकारात, अशी ती वाटणी होती. आपल्या आजच्या सनदेत ही वाटणी नेमकी उलटी झालेली आहे.

अस्सल कागद हातात असण्याने काय फरक पडतो, हे पुण्याला एकदा फार कठोरपणे कळलेले आहे. पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला तिचे अधिकार दिले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्या माणसालाही आपला हक्क कागदाने शाबीत करावा लागला. ज्यांच्या देवघरातल्या पेटीत सनद सापडली ते वाचले आणि ज्यांच्या सनदा आगीत, पुरात किंवा भाऊबंदकीत गेल्या त्यांच्यापैकी अनेकांची इनामे गेली. तेव्हापासून आपल्याकडच्या घरांत कागद जपण्याची जी रीत पडली, ती इतकी पक्की आहे की आजही माझ्याकडे येणारा माणूस ती सनद लाल कापडात गुंडाळून, दोन्ही हातांत धरून आणतो.

येथे सनदेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी जुन्या काळाची भलामण करतो आहे असा समज होईल. इनामाची सनद हे एकाला दिलेले दान होते. त्या गावात प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या कुळाला तिने काहीच दिलेले नव्हते, आणि ज्याने दिली त्याला ती काढूनही घेता येत होती. राजाने प्रसन्न होऊन दिलेली सनद आणि प्रजेने हक्काने घेतलेली सनद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांमधला फरक समजण्यासाठी इंग्लंडमधल्या १२१५ सालच्या मॅग्ना कार्टाकडे पाहावे लागते. जॉन राजाकडून त्याच्याच सरदारांनी थेम्स नदीकाठच्या रनीमीडच्या कुरणात ती सनद जून महिन्यात घेतली. तिच्या चाळिसाव्या कलमात राजाने कबूल केले, की आम्ही कोणालाही न्याय विकणार नाही, नाकारणार नाही आणि लांबवणारही नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी न्याय विकणे आणि न्याय लांबवणे हे दोन अपराध एकाच ओळीत बसवले होते, याकडे मी आपले लक्ष वेधतो. लाच घेणाऱ्याला आपण गुन्हेगार मानतो, पण ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ हे मात्र आपण म्हण म्हणून स्वीकारलेले आहे.

त्याच सनदेच्या एकसष्टाव्या कलमाची चर्चा तुलनेने कमी होते. राजाने शब्द मोडला तर काय, याचे उत्तर त्यात होते. पंचवीस सरदारांचे एक मंडळ नेमावे, त्यांच्याकडे तक्रार यावी आणि राजाने ठरलेल्या मुदतीत चूक सुधारली नाही तर त्याच्यावर जप्ती आणावी, असे ते कलम होते. मुदत, तक्रारीची जागा आणि उपाय या तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या होत्या. अडीच महिन्यांच्या आतच पोपने ती सनद रद्द ठरवली आणि पुढच्या आवृत्त्यांतून हे कलम गळाले. तरीही १२१६, १२१७ आणि १२२५ मध्ये ती सनद पुन्हा पुन्हा काढावी लागली. तिच्या प्रती ठिकठिकाणी गेलेल्या होत्या. १२१५ च्या चार प्रती आजही आहेत. दिलेला शब्द एकदा लिहून लोकांच्या हातात गेला, की देणाऱ्याला तो सहजासहजी परत घेता येत नाही.

आपल्या देशावर तर राज्यच एका सनदेने आले. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला पंधरा वर्षांसाठी व्यापाराची सनद दिली. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीला मिळाले तेही राजाच्या सनदेने, वर्षाला दहा पौंड भाड्यावर. या सनदा आपल्या लोकांना विचारून दिलेल्या नव्हत्या आणि त्यांचे परिणाम आपण भोगले. मात्र १७९३ पासून दर वीस वर्षांनी पार्लमेंटला कंपनीची सनद नव्याने द्यावी लागे आणि त्या निमित्ताने कारभाराची तपासणी होई, ही गोष्ट आपण विसरू नये. १८१३ च्या कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद झाली. १८३३ च्या कायद्यातील सत्त्याऐंशीव्या कलमाने धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण एवढ्याच कारणावरून कोणाही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीतून वगळता येणार नाही, असे म्हटले. ते कलम कित्येक वर्षे कागदावरच राहिले. पण कागदावर होते म्हणूनच दादाभाई नवरोजींसारख्यांना ते पुन्हा पुन्हा पुढे करता आले आणि तुम्हीच दिलेला शब्द पाळा, असे ठणकावून म्हणता आले. १८५३ ची सनद येण्याआधी जगन्नाथ शंकरशेट यांच्या बॉम्बे असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज पाठवला, आणि त्या वर्षीच्या कायद्याने मुलकी सेवेतील वरच्या जागा स्पर्धा परीक्षेने भरण्याचे ठरले.

आपल्यापैकी अनेकांना ही सारी सालावळी माझ्यापेक्षा अधिक पाठ असेल. सदाशिव पेठेतल्या आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत आजही पहाटे सहापासून मुले-मुली हेच कायदे सालांसह घोकत असतात, कारण परीक्षेत त्यांवर प्रश्न येतो. त्यांतूनच काही जण उद्या आपल्या खुर्चीत बसतील. मराठीने या अधिकाऱ्यांना नावही मोठे नेमके दिले आहे : सनदी अधिकारी. कंपनीच्या काळी वरच्या नोकरीत येणाऱ्याला करारपत्रावर सही करावी लागे आणि खासगी व्यापार व नजराणे यांपासून दूर राहण्याचे बंधन पत्करावे लागे. त्या लेखी बंधनामुळे तो ‘सनदी’. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी अधिकाराच्या आधी बंधन आहे. ज्यांच्या हुद्द्यामागे हा शब्द लागतो, त्यांनी कार्यालयातल्या सनदेची विचारपूस करावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

पुण्याने या बाबतीत स्वतःची एक भरही घातलेली आहे आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. पर्वतीवरच्या देवळांची व्यवस्था पाहणाऱ्या पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत नाराजी होती. तिची दाद मागताना प्रश्न असा उभा राहिला, की गाऱ्हाणे मांडणारे तुम्ही कोण आणि तुम्हाला कोणी नेमले? त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा नियम केला, की सभासद होणाऱ्याने किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. तोवर अधिकाराचा कागद वरून खाली येत होता, राजाकडून रयतेकडे. पुण्याने तो खालून वर पाठवला. बोलण्याचा अधिकार लोकांच्या सहीने मिळतो, हे तत्त्व राज्यघटनेच्या कितीतरी आधी या शहरात कागदावर उतरलेले होते. १९५० नंतर तर सारा अधिकारच लोकांकडून आलेला आहे. म्हणून नागरिकांच्या सनदेत आपण जे देता ते दान नव्हे. ज्यांनी आपल्याला मुखत्यारपत्र दिले, त्यांना दिलेली ती पोच आहे.

आता आजच्या कायद्याकडे येतो, कारण ‘सनदेला कायद्याचा आधार नाही, ते फक्त मार्गदर्शक आहे’ हे वाक्य मी एकाहून अधिक टेबलांवर ऐकले आहे. हे वाक्य एके काळी खरे होते. ब्रिटनमध्ये १९९१ साली जॉन मेजर यांच्या सरकारने नागरिकांच्या सनदेची कल्पना आणली. आपल्याकडे मे १९९७ मध्ये दिल्लीतील मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ती स्वीकारली गेली. त्या वेळच्या सनदा न्यायालयात बजावता येण्यासारख्या नव्हत्या, ते केवळ जाहीर केलेले आश्वासन होते. देशभरासाठी कायदा करण्याचे विधेयक डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत आले, पण २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले.

महाराष्ट्राने मात्र त्याआधीच आणि त्यानंतरही आपली वाट काढली. आपण ज्याला बोलीत दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, त्या २००५ च्या अधिनियमाने, जो १ जुलै २००६ पासून लागू आहे, बदल्यांचे नियम आणि विलंबाला प्रतिबंध या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. त्याच्या आठव्या कलमाने प्रत्येक कार्यालयाला नागरिकांची सनद तयार करून प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. दहाव्या कलमाने सांगितले, की सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. जाणूनबुजून किंवा सवयीने विलंब लावणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही तेथेच आहे. बदली आणि दिरंगाई हे विषय एकाच कायद्यात बसवण्यामागे मला ‘वर्तमान व भावी’ चाच विचार दिसतो : माणूस बदलला तरी बंधन तेथेच राहावे.

त्यानंतर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला आणि आश्वासनाचा हक्क झाला. अधिसूचित, म्हणजे शासनाने जाहीर केलेली, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क आहे, अर्जाची पोच दिलीच पाहिजे, अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी कळवले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. सेवा मिळाली नाही तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते, त्यापुढे दुसरे, आणि तिसरे थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. मॅग्ना कार्टाच्या एकसष्टाव्या कलमात जे तीन घटक होते, म्हणजे मुदत, तक्रारीची जागा आणि उपाय, ते आपल्या कायद्यात सगळे आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करणे आणि ती दर वर्षी अद्ययावत करणे हे आधीच बंधनकारक केलेले आहे. कायद्यात कमी काही नाही. ताईंच्या हातात मात्र यातले काहीच नव्हते. अपील कोणाकडे करायचे हे ज्या दोन रकान्यांत लिहिलेले होते, नेमके तेच कपाटामागे होते.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी पोचेविषयी आहे. अर्ज घेतला की त्याच क्षणी नागरिकाला एक कागद मिळावा आणि त्यावर अर्जाच्या क्रमांकाबरोबर सेवा कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ती तारीख, पदनिर्देशित अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, आणि त्या तारखेला काम झाले नाही तर कोणाकडे, कोणत्या खोलीत, किती दिवसांत अपील करायचे हे छापलेले असावे. ‘पंधरा दिवस’ असे नको, ‘३ जुलैपर्यंत’ असे हवे, कारण सुट्ट्या मोजून तारीख काढण्याचे काम अर्जदाराच्या माथी मारणे बरोबर नाही. ऑनलाइन अर्जालाही हेच लागू व्हावे. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो दिवसभर मुलाकडे असतो, त्या घराला मेसेज म्हणजे पोच नव्हे. हा एक कागद म्हणजे त्या माणसाची सनद. अस्सल त्याच्याकडे राहील, नक्कल आपल्या दफ्तरात.

दुसरी गोष्ट त्रुटींची. अर्ज तपासताना ज्या त्रुटी आहेत त्या सर्व एकाच वेळी, एकाच कागदावर लिहून द्याव्यात आणि नंतर नवी त्रुटी काढायची असेल तर ती आधी का दिसली नाही, याचे कारण अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहावे. ‘नूतन पत्राचा आक्षेप न करणे’ याचा आजच्या भाषेतला अर्थ मी एवढाच घेतो. शासनाने २०१५ मध्ये अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरेसे ठरवले, तेव्हा लोकांना केवढा दिलासा मिळाला, हे स्टॅम्पपेपरसाठी रांगेत उभे राहिलेल्यांना विचारावे. तोच दिलासा त्रुटींच्या खेपांत पुन्हा हरवू नये.

फलकावर शेवटी सनद केव्हा अद्ययावत केली ती तारीख आणि कार्यालयप्रमुखाची सही असावी. तारीख आणि मोर्तब नसलेला कागद आम्ही मोडी वाचणारे लोक अस्सल मानत नाही, मग अक्षर कितीही सुबक असो. बदली झाल्यावर आठ दिवसांत नाव बदलावे. पुसलेल्या नावावर पांढरा रंग ठेवू नये.

भाषेविषयीही दोन शब्द. ‘विहित नमुन्यातील परिपूर्ण प्रस्ताव सादर केल्याच्या दिनांकापासून’ असे लिहिले की ‘परिपूर्ण’ कोणी ठरवायचे हा प्रश्न आपोआप कार्यालयाच्या हातात जातो आणि मुदतीचे घड्याळ सुरूच होत नाही. ‘अर्ज व खालील चार कागद दिल्यापासून’ असे लिहिले तर ते दहावी झालेल्या मुलीलाही कळेल आणि घड्याळ त्या दिवसापासून चालू होईल. सोप्या मराठीचा आग्रह येथे सौंदर्यासाठी नाही. अवघड शब्दांत नेमका हक्क अडकतो.

आपल्याकडून येणारे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. जागा रिक्त आहेत, निवडणुकीचे काम येते, जनगणनेचे येते, सर्व्हर बंद पडतो. या परिस्थितीत अधिसूचित मुदत पाळणे खरोखर अशक्य असेल, तर तसे आकड्यांसह लेखी शासनाला कळवा आणि त्याची प्रत फलकाशेजारी लावा. तीन टेबलांचे काम एका टेबलावर आहे हे लोकांना कळले तर लोक त्या टेबलाच्या बाजूने उभे राहतील, असा माझा अनुभव आहे. पण पंधरा दिवसांचा फलक लावून ठेवायचा आणि ‘त्याच्यावर जाऊ नका’ असे सांगायचे, याने शासनाच्या लेखी शब्दाची किंमतच जाते. त्या तरुण लिपिकाचा दोष मी धरत नाही. नोकरीला लागल्यापासून त्याला कोणीही सांगितलेले नव्हते, की या फलकावर तुझ्या कार्यालयाने सही केलेली आहे.

हे अशक्य नाही, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा पथदर्शी प्रयोग झाला. पुढे तेच काम स्वामित्व योजनेतून गावोगावी गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात राहिलो त्याचा एकही कागद जवळ नव्हता, अशा माणसांना आता मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. ती त्यांच्या हातात दिली जाते, गावच्या फलकावर टांगली जात नाही. जमिनीच्या बाबतीत ज्या शासनाला सनदेचा अर्थ अचूक कळतो, त्याला तो सेवेच्या बाबतीतही कळेल, अशी मला खात्री वाटते.

फलकांचा मजकूर सोप्या मराठीत उतरवून देण्याचे काम मी आणि माझ्याबरोबर मोडीचा अभ्यास करणारे तिघे जण कोणत्याही कार्यालयासाठी विनामूल्य करायला तयार आहोत. शनिवार-रविवार आम्ही मोकळे असतो. पोचेचा एक नमुनाही आम्ही तयार केला आहे. तो अर्ध्या पानाचा आहे आणि आत्ता ज्या कागदावर टोकन निघते त्याच कागदावर मावतो. ताईंच्या मुलीला या वर्षी दुसऱ्या दाखल्यासाठी पुन्हा अर्ज करायचा आहे. त्या दिवशी ती परत येईल तेव्हा तिच्या हातात तो अर्धा कागद असावा, त्यावर एक तारीख असावी आणि तारखेखाली एका माणसाचे नाव असावे.

जाणिजे. बहुत काय लिहिणे.

आपला,
एक मोडी वाचक
सदाशिव पेठ, पुणे

लेखनसीमा.